फेरफाराची नोंद

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही गावी गेले, तरी तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना सहा या नावाची एक नोंदवही असते. तिला फेरफार नोंदवही म्हणतात. सातबाऱ्याचा उतारा आज जमीन कोणाच्या नावे आहे तेवढे सांगतो. परंतु ती त्याच्या नावे कशी आली, मूळ खातेदार केव्हा मयत झाला, वारस कोण लागले, कोणी हक्क सोडला आणि कोण खरेदीखताने आत आला, हा सारा माणसांचा मजकूर फेरफारात असतो. शेत तेच, बांधावरचा निंबही तोच, पण नावे पालटत जातात. आणि ज्याला त्या शेताची खरी हकीकत जाणून घ्यावयाची आहे, त्याला उतारा बाजूस ठेवून ही जुनी नोंदवही उघडावीच लागते. वाद्यवृंदाचा इतिहासही याच रीतीने वाचावा लागतो, हे मला आयुष्याच्या उत्तरार्धात, आणि तेही ज्या संगीताकडे मी जन्मभर पाठ फिरवली होती त्याच संगीताच्या संगतीने, उमगले.

गेल्या दिवाळीत शेगावला अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा मेहकरला मुक्कामास आला होता. फराळाचे ताट पुढे आले तरी कानातली ती बोंडे तो काढीना, तेव्हा एवढे तन्मय होऊन काय ऐकतोस, असे मी त्याला विचारले. "मामा, दशावतार आयकतो," तो म्हणाला. दशावतार हा शब्द मेहकरच्या माणसापुढे उच्चारला म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर एकच मूर्ती उभी राहते. 1888 साली भूमीच्या उदरातून बाहेर आलेली, सुमारे अकरा फूट उंचीची, कृष्णपाषाणात घडवलेली शार्ङ्गधर बालाजीची ती मूर्ती आणि तिच्या प्रभावळीत कोरलेले मत्स्यकूर्मादी अवतार मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ते ज्याने कोरले त्या शिल्पकाराचे नाव कोणालाही ठाऊक नाही. भाच्याने त्या बोंडांपैकी एक माझ्या कानात घातले, आणि क्षणभर मला असे वाटले, की वैशाखातली गारपीट टिनाच्या पत्र्यावर कोसळते आहे.

हे गाणे मुंबईच्या 'डेमॉनिक रेझरेक्शन' या वाद्यवृंदाचे होते. नावाचा अर्थ असुरांचे पुनरुत्थान. आणि अशा नावाच्या मंडळीने 2017 साली 'दशावतार' या शीर्षकाचा दहा गीतांचा संग्रह मुद्रित केला, ज्यात पहिले गीत मत्स्याचे, शेवटचे कल्कीचे आणि मधली क्रमाने इतर आठांची आहेत. शब्द इंग्रजी आहेत. आमच्याच जिल्ह्यात लोणारला दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर आहे, लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूचे. तेव्हा असुराचे नाव लावून विष्णूच्या अवतारांचे गान करणारी ही मंडळी आहेत तरी कोण, या जिज्ञासेने मी त्या रात्री भाच्याला झोपू दिले नाही, आणि पुढील कित्येक महिने स्वतःही त्या विषयाचा पिच्छा सोडला नाही. त्यातून जे हाती लागले, ते माझ्यासारख्याच अनभिज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे.

ही मंडळी जे संगीत गातात, त्या हेवी मेटल या संगीतप्रकाराची जन्मकथा एका कारखान्यात घडते. इंग्लंडातील बर्मिंगहॅम या पोलाद-पत्र्याच्या नगरीत टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा तरुण पत्रे कापण्याच्या कामावर होता. नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारीच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. वाद्यवादन संपले असे समजून खचलेल्या त्या मुलाला कारखान्यातील मुकादमाने एक ध्वनिमुद्रिका ऐकवली. ती जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची होती, आणि आगीत भाजून दोन बोटे निकामी झालेला मनुष्य असे वाजवतो, हे त्या तबकडीने त्याला पटवले. आयोमीने प्लास्टिकच्या बाटलीची झाकणे वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि कालांतराने तारांचा ताण उतरवून त्या सैल लावल्या. तारा सैल झाल्या, त्यासरशी स्वरही खाली उतरला आणि त्याला एक गंभीर, काळवंडलेला भार आला. त्याच्या 'ब्लॅक सॅबाथ' या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी 1970 मध्ये निघाली. तिचे जवळजवळ सर्व मुद्रण एका दिवसात उरकले होते. पुढे अर्ध्या जगाला व्यापणाऱ्या एका संगीतपरंपरेच्या मुळाशी तुटलेली दोन बोटे आणि योग्य वेळी ऐकवलेली एक तबकडी आहे, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

या संगीताचे व्याकरण आपल्या श्रोत्याला वाटते तितके परके नाही. गिटारवादक षड्ज आणि पंचम हे दोनच स्वर एकत्र छेडतो. त्यात गांधार नसतो, म्हणून त्या स्वरयुग्माला कोमल किंवा शुद्ध असा निश्चित भाव राहत नाही, आणि तंबोऱ्याच्या जोडीला जसा आधारस्वराचा भरीव विस्तार लाभतो तसा त्यालाही लाभतो. मात्र तंबोऱ्याचा नाद निर्मळ राखण्यासाठी आपण धडपडतो, आणि येथे विद्युत्-ध्वनिवर्धकाला त्याच्या सोसण्यापलीकडे ताण देऊन तो नाद हेतुपुरस्सर फाटू दिला जातो. पखवाजाच्या जागी पायाने वाजवण्याचे मोठे ढोल असतात. दोन्ही पायांनी दोन स्वतंत्र पट्ट्या दाबून वादक असा द्रुत लयीचा प्रवाह निर्माण करतो, की सुटे आघात कानाला वेगळे करता येत नाहीत. गायक जी गुरगुर करतो तीही केवळ ओरडणे नसते. स्वरतंतूंच्या वर असणाऱ्या मांसल पडद्यांचे कंपन करून ती साधावी लागते, आणि तिचा रियाज चुकीचा झाला तर गळा कायमचा जाऊ शकतो. रात्रभर संबळाच्या तालावर गाणाऱ्या गोंधळ्याचा घोगरा, भरडा स्वर ज्याने ऐकला आहे, त्याला कंठाच्या या राकट उपयोगाचे इतके वावडे वाटू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या मैफलीत गायक मुख्य असतो आणि साथीदार साथीला असतात. तबलजी बदलला तरी मैफल त्या गायकाचीच राहते. या वाद्यवृंदांची रचना निराळी असते. चार किंवा पाच जण सामायिक खातेदारांसारखे एका नावाखाली उभे राहतात. गीत एकाचे, चाल दुसऱ्याची, लय तिसऱ्याची, आणि श्रोत्याच्या मनात त्या सर्वांचा मिळून एकच देह होतो. म्हणूनच त्यांतील एक जण गेला, की नावाचा हक्क कोणाकडे, जुनी गीते कोणाची आणि नवा आलेला इसम त्यांत कितपत वाटेकरी, हे प्रश्न उभे राहतात. अमेरिकेतील 'मेटॅलिका' या सर्वांत ख्यातनाम वाद्यवृंदाचे उदाहरण घेऊ. 1981 साली लॉस एंजेलिसमध्ये जेम्स हेटफील्ड आणि लार्स उल्रिच यांनी तो स्थापन केला. डेव्ह मस्टेन या गिटारवादकाला 1983 च्या एप्रिलात, पहिली ध्वनिमुद्रिका होण्याच्या अगोदरच, मंडळींनी बाहेर काढले. त्याच्या जागी कर्क हॅमेट आला आणि मस्टेनने पुढे 'मेगाडेथ' हा स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. तथापि, त्याच वर्षी निघालेल्या मेटॅलिकाच्या पहिल्या मुद्रिकेवरील चार गीतांच्या कर्तृत्वात मस्टेनचे नाव आहे. माणूस घराबाहेर गेला, पण त्याचा वाटा नोंदीत राहिला.

पुढची कथा अधिक करुण आहे. 27 सप्टेंबर 1986 रोजी स्वीडनमध्ये मंडळींची बस उलटून क्लिफ बर्टन हा चोवीस वर्षांचा बास-गिटारवादक मृत्युमुखी पडला. त्याच वर्षी निघालेली 'मास्टर ऑफ पपेट्स' ही त्याची अखेरची मुद्रिका ठरली. जेसन न्यूस्टेड त्याच्या जागी आला, आणि 1988 च्या मुद्रिकेत त्याने वाजवलेला बास मिश्रणाच्या वेळी इतका दाबला गेला, की तो जवळजवळ ऐकूच येत नाही. मयत माणसाच्या शोकाची छाया जिवंत माणसाच्या वाद्यावर पडली, असे मला ती मुद्रिका ऐकताना वाटत राहिले. मुद्रण करणाऱ्यांच्या मनात काय होते हे तेच जाणोत. परंतु त्याच मुद्रिकेवरील एका गीताच्या कर्तृत्वात, मृत्यूनंतर दोन वर्षांनी, बर्टनचे नाव सन्मानाने दिलेले आहे. न्यूस्टेड 2001 साली गेला. 2003 ची मुद्रिका झाली तेव्हा त्याची जागा रिकामी असल्यामुळे बास निर्माते बॉब रॉक यांनीच वाजवला, आणि रॉबर्ट ट्रुहीयो आल्यानंतर हा वाद्यवृंद 30 ऑक्टोबर 2011 रोजी बंगळूरला येऊन गाऊन गेला. ही सर्व नावे मुद्रिकांच्या वेष्टनांवरून क्रमाने वाचीत गेले, की फेरफार नोंदवहीची पाने उलटल्याचा भास होतो: मयत, वारस, हक्कसोड, नवीन नाव दाखल.

हे लोण आपल्या मुलखात केव्हा आले, हे पाहू लागले म्हणजे 1984 सालच्या मुंबईपाशी थांबावे लागते. त्या वर्षी 'रॉक मशीन' हा वाद्यवृंद तेथे सुरू झाला. महाविद्यालयांच्या उत्सवांत परदेशी वाद्यवृंदांची गीते हुबेहूब वाजवणे, हा त्या काळच्या मंडळींचा शिरस्ता होता, आणि श्रोत्यांनाही तेच हवे असे. स्वतःचे गीत रचले तर लोक ऐकूनही घेत नसत. 1986 साली मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' हा वार्षिक महोत्सव सुरू झाला, आणि धोबीतलाव येथील रंगभवनाचे उघडे प्रेक्षागार पुढे कित्येक वर्षे या संगीताचे तीर्थ बनून राहिले; शांतता-क्षेत्राच्या नियमांमुळे ते बंद पडले, याची हळहळ त्या पिढीचे लोक आजही व्यक्त करतात. आमच्याकडून मलकापूरला गाडी धरून मुंबईत शिकायला गेलेल्या मुलांपैकी काही जण त्या प्रेक्षागारात उभे राहिले असतील. परतल्यावर त्यांनी घरी त्याविषयी अवाक्षर काढले नसणार, हे मी आमच्या घरांची रीत ओळखून सांगू शकतो.

रॉक मशीनने 1988 साली 'रॉक अँड रोल रेनिगेड' ही संपूर्णतः स्वरचित गीतांची ध्वनिमुद्रिका काढली, हे त्या मंडळीचे खरे धाडस. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनाईकर आणि जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन, कळफलकावर झुबिन बालापोरिया, तालवाद्यांवर मार्क मेनेझिस, अशी ती जमलेली मंडळी होती. पण आरंभीचा गायक निराळा होता, आणि बेनेगल मागाहून आले, हे विसरता येत नाही. 1990 साली दुसरी मुद्रिका झाली. 1993 साली या मंडळींनी स्वतःचे नावच पालटून 'इंडस क्रीड' असे केले. मुंबईत जन्मलेल्या संगीताने परक्याच्या नावाने का वावरावे, असा विचार त्यामागे असावा, आणि सिंधू नदीचा उल्लेख नव्या नावात आला. त्याच वर्षी त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गीताच्या चित्रफितीला एम टीव्हीच्या आशियातील प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला. 1995 ची मुद्रिका नव्या नावाने निघाली, आणि दोनच वर्षांनी वाद्यवृंद विसर्जित झाला. कोणी अमेरिकेत गेले, कोणी येथेच राहिले. हे खाते बंद झाले, असे सर्वांनी गृहीत धरलेले असताना 2010 साली मंडळी पुन्हा एकत्र आली, आणि 2012 साली 'इव्हॉल्व्ह' ही मुद्रिका निघाली. बेनेगल, तिनाईकर आणि बालापोरिया जुने, तर बासवर रशाद मिस्त्री आणि तालवाद्यांवर जय राव कवी हे नवीन. पहिल्या आणि शेवटच्या मुद्रिकेत चोवीस वर्षांचे अंतर आहे. दोन्ही लागोपाठ ऐकल्या, तर तिनाईकरांच्या गिटारीचा धागा या साऱ्या स्थित्यंतरांतून अखंड चालत आलेला कानाला स्पष्ट जाणवतो. हा एक धागा ऐकू येणे, हेच मला त्या मुद्रिकांचे सर्वांत मोठे दान वाटते.

डेमॉनिक रेझरेक्शनची हकीकत याहून कठोर संगीताची आणि अधिक फेरफारांची आहे. साहिल मखीजा या मुंबईकर तरुणाने 2000 साली त्याची स्थापना केली. तोच गायक आणि तोच गिटारवादक. 'डेमनस्टीलर' हे त्याचे कलानाम, आणि पहिली मुद्रिकाही त्याच नावाने त्याच वर्षी निघाली. त्या काळी मुंबईत असे संगीत मुद्रित करून देणारा जाणकार सहजासहजी सापडत नसे. चित्रपटसंगीताला सरावलेल्या कानांचा तंत्रज्ञ फाटलेल्या नादाला दोष समजून तो दुरुस्त करावयास निघे. म्हणून मखीजाने मुद्रणाची विद्या स्वतः शिकून घेतली, घरीच मुद्रणशाळा मांडली, इतर वाद्यवृंदांच्या मुद्रिकांची निर्मिती केली, आणि त्या प्रसिद्ध करण्यासाठी स्वतःची संस्थाही काढली. ज्या कलेला बाजार नाही, तिचा कारखाना, दुकान आणि हमाली एकट्याने करावी लागते. विदर्भातील लहान नियतकालिकांचे संपादक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

2005 साली 'अ डार्कनेस डिसेंड्स', 2007 साली 'बियाँड द डार्कनेस' ही छोटेखानी मुद्रिका आणि 2010 साली 'द रिटर्न टू डार्कनेस', अशी अंधाराची त्रयी या मंडळींनी पूर्ण केली. या दशकात माणसे आली आणि गेली. मुलांचे शिक्षण संपे, नोकरी लागे, कोणाचे लग्न ठरे, कोणी परदेशी जाई. मध्यमवर्गीय भारतीय घरातील मुलगा पंचविशीत ज्या वळणावर उभा असतो, तेथे दर वेळी एक जागा रिकामी होई, आणि मखीजा तेथे नवा माणूस शोधून बसवी. त्रयीच्या अखेरच्या मुद्रिकेवर मखीजासोबत डॅनियल रेगो गिटारवर, हुसैन बंदूकवाला बासवर, विरेंद्र कैथ तालवाद्यांवर आणि 'मेफिस्टो' या कलानामाचा वादक कळफलकावर आहे. ती मुद्रिका इंग्लंडातील कँडललाइट या संस्थेने जगभर प्रसिद्ध केली; त्याच वर्षी ही मंडळी नॉर्वेतील 'इन्फर्नो' महोत्सवात वाजवून आली, आणि लंडनच्या 'मेटल हॅमर' मासिकाने त्यांना जागतिक मेटलचा पुरस्कार दिला. मुंबईतल्या एका घरातून निघालेला हा नाद, ज्या देशात अशा संगीताचा सर्वांत कडक शाखाविस्तार झाला त्या देशातील श्रोत्यांपुढे जाऊन उभा राहिला, हे यश यत्किंचितही लहान नाही.

आणि तरीही, 2014 साली 'द डीमन किंग' निघाली तेव्हा वेष्टनावर रेगो आणि बंदूकवाला यांच्या जागी निशिथ हेगडे आणि अश्विन श्रीयान यांची नावे आली. यशाच्या शिखरावर असलेल्या मंडळीतूनही माणसे जातात. मी दोन्ही मुद्रिका भाच्याकडून मागून घेऊन वारंवार ऐकल्या. माझ्या अशिक्षित कानालाही इतके कळते, की रेगोच्या गिटारीची वळणे निराळी आहेत आणि हेगडे यांच्या गिटारीची निराळी. 2010 ची मुद्रिका 2014 च्या मंडळींना करता आली नसती आणि 2014 ची आधीच्यांना. दर वेळच्या मंडळींचा स्वभाव, त्यांच्या हातांचे वजन, त्यांचे परस्परांशी जुळणे आणि न जुळणे, हे सर्व त्या त्या सालच्या मुद्रिकेत गोठून राहिले आहे. रंगमंचावर नवे लोक जुनी गीते वाजवतात, पण तो उतारा असतो. फेरफार हवा असेल तर मुद्रिकेकडेच वळावे लागते. 'दशावतार' ही 2017 ची मुद्रिका मला याच कारणाने अर्थपूर्ण वाटली. तत्त्व एक आणि देह दहा, ही कल्पना ज्या वाद्यवृंदाने सतरा वर्षांत स्वतःच्या अंगावर इतकी रूपे पालटली, त्यालाच सुचावी, हे स्वाभाविक आहे. त्यांना ती अशाच विचाराने सुचली, असा दावा मी करीत नाही. मला ऐकताना ती तशी उमगली, एवढेच.

मधल्या काळात मुद्रणाची पद्धतच आमूलाग्र पालटली. ब्लॅक सॅबाथच्या मंडळींना एका दालनात एकत्र उभे राहावे लागले होते. आता तालवादक आपल्या देशात, गिटारवादक आपल्या शहरात, आणि गायक तिसऱ्याच ठिकाणी बसून आपापला भाग मुद्रित करतात आणि संगणकावरून धाडतात. मखीजाने 'डेमनस्टीलर' या नावाने एकट्याच्या मुद्रिकाही काढल्या. त्यांपैकी 2016 च्या मुद्रिकेवर तालवाद्ये जॉर्ज कोलियस या ग्रीक वादकाने वाजवली, जो अमेरिकेतील 'नाइल' या वाद्यवृंदाचा तालवादक आहे. आणि 2023 च्या 'द प्रोपगंडा मशीन' या मुद्रिकेवर तर देशोदेशीच्या वादकांची हजेरी आहे. अशा व्यवस्थेत वाद्यवृंद म्हणजे कोण, हा प्रश्न अधिकच अवघड होतो, कारण ज्यांनी मिळून एक गीत सिद्ध केले त्यांनी एकमेकांचे मुखही पाहिलेले नसते. मग त्यांचे एकत्र असणे फक्त एका ठिकाणी सिद्ध होते: वेष्टनावरील नावांच्या यादीत. या मंडळींचा एक गुण मी मनःपूर्वक वाखाणतो, तो हा, की ती यादी ते काटेकोर देतात. कोणी काय वाजवले, मुद्रण कोणी केले, मिश्रण कोणी केले, चित्र कोणी काढले, एकही नाव सुटत नाही.

या काटेकोरपणामुळेच मला आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांची आठवण झाली. 1902 साली कलकत्त्याला गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत, याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. मेणावरचे मुद्रण जर्मनीतील हॅनोव्हरला जाई, तबकड्या तेथे घडत, आणि तेथील कामगाराला हे गाणे कोणाचे, हे कळून योग्य कागद चिकटवता यावा म्हणून कलावंताने आपले नाव आवाजातच सांगून ठेवण्याची ती तजवीज होती. गायिकेचे नाव त्यामुळे राहिले. तिच्यामागे सारंगी कोणी वाजवली आणि तबला कोणी, हे मात्र त्या काळच्या बहुसंख्य तबकड्यांवर कोठेही नाही. ज्यांच्या बोटांनी ते गाणे तोलून धरले, त्यांचा फेरफार कोणी घेतलाच नाही.

आमच्या मेहकरला या बाबतीत एक भाग्य लाभले आहे. येथे वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता ग. ना. जोशी यांनी 1930 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत एच. एम. व्ही. च्या तबकडीवर गायिली, आणि मराठी भावगीताचा प्रवाह त्या तबकडीपासून गणला जाऊ लागला. जोशीही वकिलीचे शिक्षण घेतलेले; पुढे ते त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि दशकानुदशके थोरामोठ्यांची गाणी त्यांनी मुद्रित करवून घेतली. ती तबकडी वाजली, की आजही येथील वृद्ध कवीचे आणि गायकाचे नाव एका श्वासात घेतात. गाणे गाव सोडून गेले तरी नोंद गावात राहिली, आणि त्या नोंदीमुळेच गाणे आमचे राहिले.

तीच गोष्ट आमच्या इतर संगीताविषयी म्हणता येत नाही, याचे मला दुःख आहे. 1980 ते 2000 या दोन दशकांत कॅसेट स्वस्त झाली, आणि आमच्या जिल्ह्यातील भजनी मंडळांनी, बँड पार्ट्यांनी, शाहिरांनी आणि कव्वालांनी आपापली गाणी भरून घेतली. गावच्या सप्ताहात एका साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेले हरिपाठ, वरातीपुढच्या बँडची क्लॅरिनेट, भीमजयंतीच्या रात्रीची गाणी, असे कितीतरी अजूनही ट्रंकांच्या तळाशी पडून आहे. माझ्याकडे स्वतःकडेच अशा एकोणीस कॅसेटी निघाल्या. त्यांपैकी चौदांवर फक्त गावाचे नाव आहे. दोनांवर तेही नाही. पेटी वाजवणारा कोण, पखवाज कोणाचा, मधल्या अभंगाला उचलून धरणारा तो उंच स्वर कोणाचा, हे मला आता कोणाला विचारावे हे कळत नाही, कारण जे सांगू शकले असते ते बहुतेक गेले. मुंबईच्या त्या तरुणांनी कोणाच्याही मान्यतेची वाट न पाहता आपल्या प्रत्येक माणसाचे नाव छापले. आणि आमच्या मंडळांत तर पखवाजी बदलला, टाळकरी मयत झाला, मुलगा बापाच्या जागी उभा राहिला, असे फेरफार दर सप्ताहाला घडत आले, तरी नोंद एकाचीही झाली नाही.

तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातील माझ्या वाचकांना माझी एक विनंती आहे. घरी अशी कॅसेट असेल, तर या आठवड्यात ती काढावी, गावातील वयोवृद्ध माणसाजवळ बसून एकदा ऐकावी, आणि ओळखू येईल त्या प्रत्येक माणसाचे नाव, तो काय वाजवतो आहे आणि साल कोणते, हे वेष्टनाच्या कागदावर लिहावे. लिहिताना पेन्सिल वापरावी. दमट हवेत शाई पसरते.